निवांत म्हणजे ताशी किती?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ५२ वर्षांची, कोथरूडला राहते. वि. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. १९९० ते ९३ अशी तीन वर्षं आम्ही दोघी रोज सायकलवरून कॉलेजला जायचो. लग्नानंतर ती बंगळूरला गेली, गेल्या वर्षी कायमची पुण्यात परतली. आता ती गिअरच्या सायकलवर पहाटे ग्रुपबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते. ऑगस्टमध्ये म्हणाली, "चल, निवांत सायकलवर कॉफी प्यायला जाऊ." मी लेकीची जिन्याखाली सात वर्षं पडलेली सायकल काढली, हवा भरली आणि निघाले. चांदणी चौक चढून बावधनला जायचं होतं. वि. प्रत्येक वळणावर एक पाय टेकवून उभी. मी पोचले की "आलीस? चल" म्हणून पुढे. कॉफीशॉपमध्ये शिरले तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. दोन कॉफ्यांचे ५६० रुपये झाले, तिनंच दिले. तासभर ती तिच्या ग्रुपबद्दल बोलत होती. घरी आले तर नवरा म्हणाला, "फिटली हौस?"

नंतर मी वि.ला कळवलं की गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता. आता दसरा झाल्यावर तिचा पुन्हा मेसेज आलाय : "पाऊस संपला, हवा बघ कसली सुंदर आहे. गुडघा बरा असेल तर जाऊ या ना, निवांत." काय करू? नवी गिअरची सायकल घेऊ? की आता मैत्री फोनवरच बरी?

– मागे राहिलेली

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात 'निवांत' हा शब्द दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा तो वि.च्या तोंडचा आहे. सगळं भांडण (तेही तुमचं एकटीचंच, तिला बिचारीला पत्ताच नाही) या एका शब्दाचं आहे. जी बाई पहाटे ग्रुपबरोबर ताशी बावीस-चोवीसनं जाते, तिला अठरा म्हणजे निवांतच वाटणार. तुम्ही सात वर्षं धूळ खाल्लेल्या सायकलवर ताशी बारानं गेलात तरी तो पराक्रम आहे. दोघींपैकी खोटं कुणीच बोललेलं नाही. निदान तोपर्यंत तरी. गुडघ्याकडे नंतर येते.

आधी हिशेब. कोथरूडहून फर्ग्युसन रस्ता पाच किलोमीटर धरू. ताशी वीसनं गेलं तर पंधरा मिनिटं लागतात, ताशी बारानं गेलं तर पंचवीस. फरक दहा मिनिटांचा. पुण्यात रविवारी इडलीसाठी लोक याहून जास्त वेळ फुटपाथवर उभे राहतात. एवढ्यासाठी तुम्ही पस्तीस वर्षांची मैत्री फोनवर ठेवायला निघालात.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. उलट मला दोन्ही बाजू माहीत आहेत, कारण मी स्वतः वि. होते. पंधराएक वर्षांपूर्वी मी आणि माझी एक मैत्रीण पाषाण तलावापर्यंत जायचो. मी पुढे, ती मागे. मी दर चौकात तिच्यासाठी थांबायचे आणि स्वतःला फार समजूतदार समजायचे. बघा, मी थांबते की नाही! एकदा तलावाच्या कडेला चष्म्याची काच ओढणीनं पुसता पुसता ती अगदी शांतपणे म्हणाली, "तू थांबतेस ना, तेव्हा विसावा तुला मिळतो. मी येऊन पोचते तेव्हा तू निघतेस. म्हणजे दमलंय कोण आणि बसतंय कोण?" मी गप्प. इतक्या महिन्यांत हे साधं गणित माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही उलटं केलं. ती पुढे, मी मागे. पहिले दोन दिवस मला सायकल चालवतेय की नुसती सांभाळतेय तेच कळेना. एवढ्या हळू चाललं की हँडल डुगडुगायला लागतं. मग हळूहळू दिसायला लागलं की ही बाई पायडल मारता मारता बंगल्यांच्या पाट्या वाचते. कुठल्या फाटकाला कुलूप आहे, कुणी कुंडीत ओवा लावलाय, कुठल्या बंगल्याचं आता 'रीडेव्हलपमेंट' होणार, सगळं तिला ठाऊक. मी वर्षभर त्याच रस्त्यानं गेले होते आणि मला त्यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते, या वेळी पुढे तुम्ही राहायचं. वि.नं मागे. तिच्या सायकलीला गिअर आहेत, ते वाढवण्यासारखेच कमीही करता येतात. गल्लीत रहदारी नसेल तिथं शेजारी शेजारी या, मागून गाडीचा आवाज आला की ती मागे जाईल. वेग बरोबर आहे का, हे पाहायला मनगटावर घड्याळ बांधायची गरज नाही. "अगं, परवा काय झालं माहितीये का, मी आपली भाजी आणायला निघाले होते…" एवढं वाक्य न थांबता बोलता आलं तर ठीक. 'भाजी'पाशीच धाप लागली तर हळू करा. ग्रुपमध्ये जाणारी वि.सुद्धा ही परीक्षा ओळखते, तिला वेगळं समजवावं लागणार नाही.

आता गुडघा. त्या निर्दोष गुडघ्याला यातून आधी मोकळं करा. नाहीतर ती तुम्हाला तेल सुचवेल, फिजिओथेरपिस्टचा नंबर पाठवेल, चढ आला की "उतर उतर, चालत जाऊ" म्हणेल, आणि तुम्हाला दर वेळी लंगडायची आठवण ठेवावी लागेल. या वयात एवढं नाटक झेपत नाही. साधा मेसेज टाका : "गुडघा ठीक आहे, तेव्हाही ठीकच होता. तुझ्यामागे येताना दम लागला आणि सांगायची लाज वाटली. येते मी. पण पुढे मी राहणार आणि रस्ता मी ठरवणार." बस्स. स्पष्टीकरणाचा दुसरा परिच्छेद नको. माफी तर मुळीच नको.

ती काय म्हणेल? बहुतेक आधी हसेल, मग म्हणेल, "वेडी आहेस का, तेव्हाच का नाही बोललीस?" आणि तो प्रश्न रास्त आहे हो. कंटाळलेली माणसं दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. तिनं दोन महिन्यांनी आठवणीनं गुडघ्याची चौकशी करून बोलावलंय. तासभर ग्रुपबद्दल बोलली, त्याचा तुम्ही 'आता हिला नवी माणसं मिळाली' असा अर्थ लावलेला दिसतो. मला उलटं वाटतं. सगळं आयुष्य दुसऱ्या गावात काढून माणूस परत येतो तेव्हा आपलंच गाव त्याला ओळखत नाही. ती तुम्हाला दाखवत असावी की बघ, मी रुळले इथं, पहाटे हाक मारायला माणसं आहेत मला. हे तिनं तुम्हाला नाही तर कुणाला दाखवायचं?

नवऱ्याच्या "फिटली हौस?"ला उत्तर देत बसू नका. त्यांना चाकांत हवा भरायला सांगा.

पुढची गोष्ट, रस्ता. ऑगस्टमधल्या त्या सकाळी खरी चूक झाली ती इथं. चांदणी चौकाचा चढ आणि तोही तिथल्या रहदारीतून! सात वर्षांनी सायकलवर बसलेल्या माणसाला तिकडे न्यायचं म्हणजे पोहायला शिकवायला थेट विहिरीत ढकलण्यातली गत. (आमच्या पिढीला तसंच शिकवलं म्हणा.) या वेळी शहराकडे तोंड करा. कर्वे पुतळ्यापासून निघा. या पुतळ्यातले अण्णासाहेब हिंगण्याच्या आश्रमातून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला रोज पायी जायचे. ढोबळ मानानं तुमचाच रस्ता. ते पायी जात होते, तुम्हाला तर चाकं आहेत.

कर्वे रस्ता मात्र लवकर उरका. मेट्रोच्या खांबांमधून बस आणि रिक्षा सुरू झाल्या की तिथं निवांत काही उरत नाही. ऑक्टोबरमध्ये पुण्यात साडेसहाच्या सुमाराला उजाडतं, तेव्हाच निघा. नळ स्टॉपला डावीकडे वळून लॉ कॉलेज रस्त्याला लागलात की अर्धं काम झालं. वाटेत फिल्म इन्स्टिट्यूट लागते. 'प्रभात' कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली तेव्हाचा स्टुडिओ तो हाच. पुढे भांडारकर संस्था, १९१७ पासूनची. मागे वेताळ टेकडीवर ऊन उतरत असतं. तिथून भांडारकर रस्त्याला वळा, आणि मग मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांतून जा. पाच किलोमीटरचे सहा झाले तर होऊ देत.

हे सगळं मी एवढ्या हौसेनं सांगतेय, कारण या दिवसांत त्या बाजूला बुचाची झाडं फुललेली असतात. उंच झाड, वर बघून फूल दिसतही नाही. सकाळी रस्त्यावर लांब देठाच्या पांढऱ्या फुलांचा सडा पडलेला असतो तेव्हा कळतं. शाळेत असताना आपण दोरा न घेता नुसती देठात देठ अडकवून त्यांची वेणी करायचो, आठवतंय? फोनवर हल्ली या दिवसांत सगळे लाल-केशरी पानगळीचे फोटो पाठवतात. ती परदेशातली गंमत. आपली झाडं शरदात हिरवीगारच असतात. त्यांची पानगळ शिशिरात. आत्ता गळतात ती बुचाची फुलं, आणि अंगणात असला तर प्राजक्त. संध्याकाळी निघालात तर सातवीण भेटेल. तो वास इतका दाट असतो की काहींचं डोकं चढतं. माझं चढतं. म्हणून मी सकाळचीच शिफारस करते.

सकाळचं दुसरं कारण म्हणजे ऊन. पाऊस गेल्यावर आकाश धुतल्यासारखं होतं आणि मग दहाच्या आत ऑक्टोबरचा चटका सुरू होतो. नऊ, फार तर सव्वानऊपर्यंत घरी या. पावसानं रस्त्यांवर बारीक खडी आणून टाकलेली असते, ती वळणांवर साठते. तिथं वळता वळता ब्रेक दाबला की चाक सरकलंच. वळायच्या आधीच वेग कमी करा. फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे, 'सायकलच तर आहे' म्हणून उलटं घुसू नका. शेवटचा तुकडा उतरून सायकल हातात धरून चाला. कॉलेजात असताना आपण चालायचोच की तशा, सायकल मध्ये आणि दोघी दोन बाजूंना. खऱ्या गप्पा तेव्हाच व्हायच्या.

नवी सायकल घेऊ का, असं विचारलंत. घेऊ नका. निदान या दिवाळीत नको. गिअरच्या सायकलीनं तुम्ही वि.च्या बरोबरीला याल आणि मग तुम्हाला 'तिच्या बरोबरीला' राहावं लागेल. तो जाच वेगळाच. आहे ती सायकल दुकानात द्या आणि ओव्हरऑइलिंग करून घ्या. (खरा शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला कळायला वयाची तिशी उलटली, पण दुकानदाराला ओव्हरऑइलिंगच कळतं आणि तेच योग्य वाटतं.) सात वर्षं उभी राहिलेल्या सायकलीचे टायर बाजूनं तडकलेले असतात. अंगठ्यानं दाबून बघा, रेघा उमटल्या तर दोन्ही बदला, ट्यूबसकट. ब्रेकचे रबर दगड झालेले असतील, तेही बदला, तारा तपासा, चेनला तेल घाला, चाकाचा आउट काढून घ्या. नवी सायकल घेण्याच्या मानानं हा खर्च किरकोळ. एक हेल्मेट मात्र नवं आणि स्वतःच्या मापाचं घ्या, लेकीचं जुनं नको.

आणि सीट! मी पैजेवर सांगते, तुमची सीट खाली आहे. बायका सीट खाली ठेवतात, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले की जिवाला बरं वाटतं. पण त्यामुळे दर पायडलला गुडघा पोटाकडे दुमडतो, मांडीचा जोर वाया जातो आणि चढावर जीव जातो. ऑगस्टमध्ये तुम्हाला जो दम लागला त्यातला बराचसा या सीटनं लावला असणार. भिंतीला धरून सायकलवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी पंजा ठेवलात की गुडघ्यात जेमतेम वाक राहील. ती तुमची उंची. अशा सीटवर बसून फक्त चवडे टेकतील. घाबरू नका. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि मग पाय टेकायचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन संध्याकाळी दहा-दहा मिनिटं एवढंच करा : निघणं आणि थांबणं. वॉचमन बघेल. बघू दे. सीट खाली ठेवून रोज चालवलीत तर जो गुडघा तुम्ही वि.ला सांगितलात तो खरंच दुखायला लागेल, आणि मग सांगणार काय?

रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा जिना चढताना छातीत भरून येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी निघू नका, एक केळं पुरे.

आता कॉफी. मागच्या वेळच्या २८० रुपयांच्या कॉफीबद्दल तुम्ही चवीचं एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यावरून काय ते कळलं. त्या दुकानांना मी नावं ठेवत नाही. तिथं चांगली कॉफी मिळते, मऊ खुर्च्या असतात, कुणी उठवत नाही. पण दम लागलेल्या, घामेजलेल्या माणसाला काउंटरवरच्या फळ्यावरची सोळा नावं वाचून त्यातलं एक निवडायला लावणं हा छळ आहे. घरी आपल्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, पाहुणे आले की किंवा सर्दी झाली की. बाहेर प्यायची ती फिल्टर. वैशाली, रूपाली किंवा तुमच्या कॉलेजच्या दिवसांतलं कुठलंही उडपी हॉटेल चालेल. डिकॉक्शन कडक, चिकोरीची कडवट चव मागे राहणारी, वर फेस. नाव घेतलं की झालं, फळा वाचायला नको. फक्त रविवार टाळा. रविवारी तिथं नंबर लावून उभं राहावं लागतं आणि मागे कुणीतरी तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून असतं. शिवाय रविवार तिच्या ग्रुपचा. आठवड्यातला मधला एखादा वार घ्या, तुमच्या दोघींचा.

पोचल्यावर पाणी प्या, पाच मिनिटं काहीच बोलू नका. वि.ला तिच्या ग्रुपबद्दल बोलायचं असेल तर या वेळी विचारा तिला, कोण कोण आहे, सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याला चहाला थांबता की नाही. दम खाऊन ऐकलेली गोष्ट वेगळी लागते. तुमचंही सांगा. मागच्या वेळी तासाभरात तुम्ही काय बोललात ते पत्रात कुठेच नाही. तिनं विचारलं नाही, की विचारूनही तुम्ही "माझं काय, चाललंय" म्हणालात? मला दुसऱ्याचा संशय आहे.

परतताना कर्वे रस्त्यावर गर्दी लागली आणि तिला पुढे सटकायचा मोह झाला, तर दोनदा घंटी वाजवा. ही खूण आधीच ठरवून ठेवा. आमच्यात ती अजून चालते.

आणि या वेळचं बिल तुम्ही द्या. ५६० होणार नाहीत.